दैव की हयगय?

हिंगोलीकडच्या सेनगाव, नर्सी, औंढा या पट्ट्यात गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह बसतो आणि सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. पहारा बदलताना दोघे वीणेकरी एकमेकांच्या पाया पडतात, आणि एकाच्या गळ्यातली वीणा थेट दुसऱ्याच्या गळ्यात जाते; मधल्या मध्ये ती बेवारस राहते असा क्षणच येत नाही. त्याच मंडपात रात्री कीर्तनकार देह नाशवंत आहे, ‘माझे माझे’ सोडा, असे सांगत असतात. नश्वरतेचा उपदेश आणि वीणेच्या भोपळ्याला धक्का लागू नये ही धास्ती एकाच मांडवात नांदतात, तरी ऐकणाऱ्याला त्यात विसंगती वाटत नाही. विमान कंपनीच्या हाती दिलेले वाद्य फुटून परत आले तर वादकाने हळहळून गप्प बसावे की भांडावे, याचा विचार करताना ही रीत ध्यानात ठेवावी.

प्रश्न काल्पनिक नाही. २०१८ मध्ये पंडित रविशंकरांचे शिष्य शुभेंद्र राव दिल्लीहून न्यूयॉर्कला पोहोचले तेव्हा त्यांची सतार मोडलेली निघाली. डिसेंबर २०२५ मध्ये अनुष्का शंकर यांच्या सतारीलाही विमानप्रवासात तडा गेला. सूर उतरलेत असे समजून त्यांनी आधी तारा जुळवल्या. वाजवायला सतार उचलली तेव्हा खालचा तडा दिसला. अशा वेळी आपल्याकडे एक सांत्वन तयार असते: वस्तूच ती, कधी ना कधी मोडायचीच, नशिबात होते म्हणायचे. हे सांत्वन अध्यात्मासारखे ऐकू येते, पण ते अध्यात्म नाही. वैराग्य हा माणसाने स्वतःला लावून घ्यायचा नियम आहे. दुसऱ्याच्या हयगयीवर त्याचे पांघरूण घातले की ते वैराग्य उरत नाही, दोषी माणसाला दिलेली सूट होते.

आपल्या धर्मशास्त्रांनी हा फरक फार पूर्वी केला आहे. ठेव सांभाळणाऱ्याची जबाबदारी हा स्मृतिग्रंथांतला व्यवहाराचा स्वतंत्र विषय आहे. नारदस्मृती तर माल वाहून नेणाऱ्याबद्दल स्पष्ट सांगते की त्याच्या दोषाने माल बिघडला तर भरपाई त्यानेच करावी. नाश दैवाने किंवा राजामुळे झाला तरच तो सुटतो. म्हणजे दैव हा अपवाद आहे, आणि तो लागू होण्याआधी वाहकाचा दोष नव्हता हे ठरावे लागते. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाबद्दलचा १९९९ चा माँट्रियल करार याच वाटेने जातो. सामान कंपनीच्या ताब्यात असताना मोडले तर जबाबदारी तिची. वस्तूतच अंगभूत दोष असेल तर तेवढ्यापुरती सूट. इथे कंपनीच्या बाजूने म्हणता येईल की वाळलेल्या भोपळ्याचे पातळ कवच फुटणारच. पण नाजूकपणा म्हणजे दोष नव्हे. मिरजेचा कारागीर भोपळा पातळ राखतो तो त्यातून नाद उठावा म्हणून. पेटीवर ‘नाजूक’ अशी चिठ्ठी लावून ती स्वीकारणाऱ्याने नंतर त्याच नाजूकपणाकडे बोट दाखवावे, हे न्यायाचे नाही.

यावर एक खोल आक्षेप याच मातीतून येतो. औंढ्याला विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडले होते; नामदेवांनी हटकले तेव्हा ते म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. तशी जागा सापडली नाही, अशी ही आख्यायिका. मग एका भोपळ्यात आणि लाकडी दांडीत वेगळे पावित्र्य कुठले? पण हा दाखला उलट दिशेने अधिक ठाम बसतो. पाय ठेवायलाही देवावाचून जागा नसेल, तर एखादी वस्तू बेफिकीर आदळायलाही जागा उरत नाही. कंपनीने सतारीची पूजा करावी अशी मागणी कुणीच करत नाही. पूजेचा भाव वादकाचा, सांभाळण्याचे कर्तव्य स्वीकारणाऱ्याचे. दुसरा आक्षेप दयेचा आहे: अपुऱ्या वेळेत शेकडो पेट्या चढवणाऱ्या मजुराच्या पोटावर पाय का द्यायचा? हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच दावा मजुरावर नसतो. भाडे कंपनीने घेतले, वेळेचे गणितही तिने बसवले. हिशेब तिनेच द्यायचा.

उरतो पैशांचा प्रश्न. २०२४ च्या डिसेंबरअखेरपासून माँट्रियल करारात सामानाच्या भरपाईची मर्यादा दर प्रवाशामागे १,५१९ विशेष आहरण अधिकार (हे आंतरराष्ट्रीय हिशेबाचे एकक), म्हणजे दोन लाख रुपयांच्या आसपास आहे. प्रवासाआधी जास्तीचे मूल्य जाहीर करून जादा आकार भरला तर ती वाढते. वर्षानुवर्षे हाताखाली मुरलेला नाद या रकमेत येत नाही, तर मागायची कशाला, असे कुणी विचारेल. भरपाई ही नादाची किंमत कधीच नव्हती. हे तुमच्या हातून झाले, आभाळातून पडले नाही, एवढी कबुली तिच्यामुळे मिळते. ती कबुली नसेल तर पुढच्या वादकाची पेटीही तशीच आदळली जाईल. गीतेने फळाची आस सोडायला सांगितले, कर्म सोडायला नाही. आणि इथे कर्म म्हणजे विमानतळावरच पेटी उघडून पाहणे, तड्याची छायाचित्रे घेणे आणि सामान मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत लेखी तक्रार देणे. निकाल काहीही लागो, त्यानंतर वादकाने ममता सोडली तर ते वैराग्य खरे. तक्रारीआधीच सोडली, तर ती बहुधा भिडेपोटी किंवा कंटाळ्याने सोडलेली असते.