आंबटपणाचे माप

जालना जिल्ह्यातील कडवंची हे गाव आज द्राक्षांसाठी ओळखले जाते. पावसाची हमी नसलेल्या या भागात पाणलोटाची कामे व शेततळी यांच्या आधारे तेथील शेतकऱ्यांनी बागा उभ्या केल्या. खाण्याच्या द्राक्षांत आपण गोडी पाहतो. परंतु द्राक्षारस करावयाचा तर केवळ गोडी पुरत नाही. फळ उन्हात पिकू लागले की साखर वाढते व आम्ल घटते. आम्ल फारच उणे पडले तर रस बिघडविणाऱ्या जंतूंना वाव मिळतो. ज्या आंबटपणास आपण दोष समजतो, तोच रसाचे रक्षण करीत असतो.

आपल्या राज्यात १९४९च्या दारूबंदी कायद्यान्वये परवान्याविना मद्य तयार करता येत नाही, हे येथेच नमूद करणे आमचे कर्तव्य आहे. जेथे घरी द्राक्षारस करण्यास मुभा आहे, तेथे मात्र एक प्रश्न उभा राहतोच : चाखावयास जीभ असताना माप कशाला? माणसे पारखतानाही आपण हेच विचारतो.

जीभ पक्षपाती असते. साखर अधिक असली की तिला आंबट जाणवत नाही. म्हणून ५ मिलिलिटर रसात फिनॉल्फ्थॅलीनचे दोन-चार थेंब टाकून त्यात दशांश नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण थेंबाथेंबाने सोडतात. गुलाबी छटा टिकली की थांबतात. ४ मिलिलिटर द्रावण लागले, तर टार्टारिक आम्लाच्या हिशेबाने लिटरमागे ६ ग्रॅम आम्ल आहे असे समजावे. आपल्या घरांतही असेच घडते. गोड बोलणाऱ्या मुलाची चूक आपणांस दिसत नाही. स्पष्ट बोलणारी सून मात्र पहिल्याच आठवड्यात आंबट ठरते.

मोजण्यापूर्वी आणखी एक दक्षता घ्यावी लागते. नव्या रसात कार्बन डायऑक्साइड वायू मुरलेला असतो. ढवळून वा किंचित तापवून तो घालविला नाही, तर तोही आम्लाच्या खाती जमा होतो. एखाद्याचा क्षणिक संताप आपण त्याचा स्वभाव म्हणून मांडून ठेवतो, तेव्हा आपला आकडा असाच चुकतो.

तथापि माप सर्वज्ञ नाही. रसाचा शिरका होऊ लागला तर त्यातील असेटिक आम्लही त्याच आकड्यात मिसळते. फळाचे मूळचे आम्ल किती व बिघाडाचे किती, हे ही चाचणी सांगत नाही. ते नाकास व जिभेसच कळते. ख्रिस्तसभेच्या १९८३च्या कायदेसंहितेतील ९२४वे कलम मिस्सेसाठी द्राक्षफळाचा, नैसर्गिक व न बिघडलेला द्राक्षारस हवा असे सांगते. आंबटपणास तेथे मज्जाव नाही. मज्जाव आहे तो बिघाडास. माणसातील करडेपणा आणि कडवटपणा यांतही असाच भेद करावयास हवा.

काना गावच्या लग्नात भोजनकारभाऱ्याने द्राक्षारस चाखला, तेव्हा तो कोठून आला हे त्यास ठाऊक नव्हते; म्हणूनच त्याचा निर्वाळा निःपक्ष ठरला. आपणांस घरच्या माणसांविषयी सारे आधीच ठाऊक असते, निदान तसे वाटते. तेव्हा आधी राग निवू द्यावा, मग खरोखर किती घडले ते थेंबाथेंबाने मोजावे, आणि आकडा हाती आल्यावरही त्या माणसाजवळ बसून त्याचे ऐकून घ्यावे. एवढे केल्यावाचून कोणासही आंबट म्हणण्याचा अधिकार आपणांस नाही, असे आम्हांस वाटते.