ढेकूण आणि शरम

दवाखान्यातल्या खाटेवर ढेकूण दिसला की आपली नजर आधी गरीब पेशंटच्या गाठोड्याकडे जाते. ढेकूण मात्र ऐपत पाहत नाही. तो महागड्या सुटकेसमधूनही येतो. तो माणसांत रोग पसरवतो असे सिद्ध झालेले नाही, पण आजाऱ्याची झोप नासवतो. डीडीटीला तो १९४७ सालीच दाद देईनासा झाला. गाद्यांच्या शिवणी आणि खाटांचे सांधे तपासणे, वाफ देणे, चादरी ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुणे, हे उपाय लवकर केले तरच उपयोगी. त्यासाठी पहिला चावा बसताच कुणीतरी बोलायला हवे. बोलणाऱ्यालाच आपण घाणेरडा ठरवले, तर पुढचा गप्प राहील आणि ढेकूण वॉर्डभर पसरतील. म्हणून आम्हाला वाटते, त्या पसरण्याची जबाबदारी शरमेने गप्प राहणाऱ्यापेक्षा त्याला शरम वाटायला लावणाऱ्या आपल्यावर अधिक आहे.