चांदीचा नवस

नवस बोलणारा देवीला बांधून घेत नाही, स्वतःला बांधून घेतो. ‘आई, याला बरं कर, तुला चांदीचे डोळे वाहीन’ असं म्हटलं, की देणं बोलणाऱ्याच्या माथी. तुळजापुरात आमचं चांदीचं दुकान आहे आणि मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. दुकानात पातळ पत्र्यावर ठशानं उठवलेले डोळे, हात, पाय, इवलासा पाळणा मांडलेला असतो. डोळ्यांची जोडी हातात आली की बायका आधी ती पदरानं पुसतात, मग भाव विचारतात.

गेल्या नवरात्रात भूमकडच्या एका बाईनं मला विचारलं, “ताई, तुळशीचं अन् चांदीचं औषध निघालंय म्हनं कॅन्सरवर. आमच्या मालकांना केमो लई जड जायलीय. ती बंद करून हे देऊ का?”

तिच्या कानावर आलेली गोष्ट अगदीच निराधार नव्हती. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांनी कडुनिंबाच्या पाल्याच्या काढ्यातून चांदीचे नॅनोकण बनवले. 2004 साली तो शोधनिबंध प्रसिद्ध झाला. पाला उकळून गाळायचा आणि सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात मिसळायचा. पाल्यातली द्रव्यं चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतात, कण जमतात आणि त्यांच्यावर पाल्यातल्याच द्रव्यांचं आवरण बसतं. वर्गात तुळशीचा काढा घालून मी हे दाखवते, तेव्हा फिकट पिवळं पाणी हळूहळू तपकिरी होत जातं आणि मागच्या बाकावरची पोरंही उठून पुढे येतात. असे कण काचेच्या बशीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशी मारतात, हे अनेक प्रयोगशाळांनी दाखवलं आहे. पण बशीला यकृत नसतं, मूत्रपिंड नसतं. हे कण निरोगी पेशींनाही इजा करू शकतात. चांदी दीर्घकाळ पोटात जात राहिली तर कातडी कायमची निळसर-करडी पडते. अशा कणांचं एकही औषध कर्करोगावर अजून मान्य झालेलं नाही.

मग ही आशा दाखवणं पाप आहे का? मला तसं वाटत नाही. शक्यता सांगणं म्हणजे नवस बोलणं. मात्र जो बोलला त्यानंच तो फेडायचा, रोग्यानं नव्हे.

ही फेड म्हणजे पुरावा, आणि ती किती मोठी असते, ते आमच्या जिल्ह्यानं पाहिलं आहे. 1999 पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या 30 ते 59 वयाच्या सुमारे 1,31,000 बायका टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या अभ्यासात होत्या. त्यांचे चार गट केले होते. 2009 साली निष्कर्ष आला: ज्या गटाची एकदाच एचपीव्ही या विषाणूसाठी तपासणी झाली, त्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. निम्म्यावर म्हणजे कुणाच्या तुलनेत? ज्या गटाला तपासणी न करता नेहमीचीच आरोग्यसेवा मिळाली, त्याच्या. त्यावर पुढे नैतिक प्रश्न उठले, आणि ते उठायलाच हवे होते. खात्रीची किंमत कुणीतरी जिवानं मोजलेली असते. म्हणून न तपासलेलं औषध तपासल्यासारखं सांगणं हा मला त्या बायकांचा अपमान वाटतो.

देवीच्या पायाशी वाहिलेल्या चांदीला कुणी पुरावा मागू नये. तिथं माणूस आपलं स्वतःचं देतो. शरीरात घालायच्या चांदीला मात्र पुरावा मागितलाच पाहिजे, कारण तिथं पणाला लागतो तो दुसऱ्याचा जीव. सदाफुलीतून निघालेलं व्हिन्क्रिस्टीन आज मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात देतात. तेही आधी प्राण्यांवर, मग माणसांवर पारखलं गेलं. तुळशीला आणि चांदीला त्यातून सूट नाही.

त्या बाईला मी म्हटलं, “केमो थांबवू नका. जड जाते हे डॉक्टरांना सांगा, मळमळीवर औषधं आहेत. आईला नवस खुशाल बोला.” श्रद्धेनं उपचार सोसायचं बळ मिळतं. उपचार कोणता घ्यायचा, हे मात्र पुराव्यानंच ठरवायचं. या दोन कामांची अदलाबदल झाली, की श्रद्धाही फसते आणि माणूसही.