बारा वर्षांचे दुखणे आणि बारा वर्षांची लेक



मार्कलिखित शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात प्रभू येशूची दोघींशी एकाच दिवशी गाठ पडते. एक याईराची लेक. वय वर्षे बारा, मरणाच्या दारात पडलेली. दुसरी बारा वर्षे रक्तस्रावाने गांजलेली एक बाई. लेकीसाठी तिचा बाप येशूच्या पाया पडतो. या बाईसाठी मात्र कोणीच येत नाही. ती एकटीच गर्दीत शिरते आणि मागून, कोणाला कळू न देता, प्रभूच्या वस्त्राला हात लावते.

मार्क तिच्याविषयी एक गोष्ट आवर्जून नोंदवतो. तिने अनेक वैद्य केले होते, जवळ होते नव्हते ते सारे खर्चून टाकले होते, आणि तरीही दुखणे कमी न होता वाढतच गेले होते. बंधुभगिनींनो, हे ऐकताना आपल्या आष्टी तालुक्यातील किती घरांमधल्या आया-बहिणी डोळ्यांपुढे उभ्या राहतात! अंगावरून जाते, पोटात दुखते, कंबर धरते. पण बोलायचे कोणाशी? दुखणे बाईचे, म्हणून ते झाकायचे. आणि झाकता येईनासे झाले की मग घाईघाईने कुठे तरी जायचे आणि सांगतील ते करून मोकळे व्हायचे.

आपल्या जिल्ह्याची जखम

या घाईची किंमत किती मोठी असते, हे २०१९ साली साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. ऊसतोडीला जाणाऱ्या बीड जिल्ह्यातील महिलांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या जात असल्याच्या बातम्या आल्या. शासनाने विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातील ८२,३०९ महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे साधारण दर सहा जणींमागे एक.

हे का घडले, ते आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एका दिवसाचा खाडा पडला तरी पैसे कापले जातात. फडावर ना आडोसा, ना पाणी, ना संडास. पाळीच्या चार दिवसांत तोच कोयता आणि तीच मोळी. अशा बाईला जेव्हा कोणी म्हणते, “पिशवी खराब झाली आहे, ठेवली तर कॅन्सर होईल,” तेव्हा ती काय करणार? कॅन्सर या एका शब्दाने तिचा निर्णय होऊन जातो. कर्ज काढून शस्त्रक्रिया होते. तिच्यासोबत अंडाशयेही काढली गेली तर ऐन तिशीत पाळी जाते, हाडे ठिसूळ होऊ लागतात, अंगातून वाफा येतात, आणि ऊस तोडण्याचे काम काही सुटत नाही.

काही आजारांत पिशवी काढणे खरोखरच आवश्यक असते, हे आपण विसरू नये. प्रश्न शस्त्रक्रियेचा नाही, प्रश्न तपासणीवाचून केलेल्या शस्त्रक्रियेचा आहे. ज्या कॅन्सरची भीती घालून हे घडले, त्याविषयी वैद्यकशास्त्राला आज काय कळले आहे? आणि ते कुठे कळले? अमेरिकेत नाही, विलायतेत नाही. ते आपल्या शेजारच्या जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत कळले.

शेजारच्या गावांनी जगाला काय शिकवले

गर्भपिशवीच्या मुखाचा कॅन्सर ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझन यांनी १९८३-८४ मध्ये या विषाणूचे दोन घातक प्रकार शोधले आणि २००८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू अंगात शिरला म्हणजे कॅन्सर झाला असे मुळीच नाही. बहुतेक बायकांच्या शरीरातून तो आपोआप निघून जातो. थोड्याजणींत तो चिकटून राहतो, आणि त्यापासून कॅन्सर व्हायला साधारण पंधरा ते वीस वर्षे लागतात. पंधरा वर्षे! एवढी सवड देणारे आजार फार थोडे आहेत. तरीही २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार या आजाराने आपल्या देशात एका वर्षात सुमारे ८० हजार बायका दगावल्या.

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी आपल्याला परकी नाही. तिथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. कार्यकर्ते गावोगाव जात, चावडीवर, ओट्यावर बसून बायकांशी आणि पुरुषांशी बोलत, लक्षणे समजावून सांगत. नुसत्या या बोलण्याचाही परिणाम झाला. पूर्वी आजार पार हाताबाहेर गेल्यावर येणाऱ्या बायका लवकर येऊ लागल्या.

पुढे ऑक्टोबर १९९९ मध्ये बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठे संशोधन हाती घेतले. डॉ. रंगास्वामी शंकरनारायणन आणि बार्शीचे डॉ. भगवान नेने हे त्यातील प्रमुख. गावांचे ५२ गट केले गेले. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ निरोगी महिला त्यात होत्या. त्यांचे चार भाग पाडले. एका भागातील महिलांची एचपीव्ही विषाणूची चाचणी झाली. दुसऱ्या भागात पेशींची तपासणी झाली, जिला पॅप चाचणी म्हणतात. तिसऱ्या भागात पातळ ॲसेटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी केली. चौथ्या भागाला आजाराची माहिती आणि तपासणी कुठे होते ते सांगितले, पण संशोधनातर्फे तपासणी केली नाही.

आठ वर्षे या महिलांची नोंद ठेवली गेली आणि २००९ मध्ये निष्कर्ष जगापुढे आले. एचपीव्ही चाचणी झालेल्या ३४,१२६ महिलांत या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या ३१,४८८ महिलांत मृत्यू झाले ६४. एकाच चाचणीने, तीही आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने, मृत्यूचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. बाकीच्या दोन पद्धतींत एकाच फेरीने असा ठळक फरक पडला नाही. मुंबईच्या वस्त्यांमध्ये मात्र टाटा केंद्राने दर दोन वर्षांनी चार वेळा ॲसेटिक ॲसिडची तपासणी केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१३ मध्ये जाहीर झाले. ती तपासणी मोठ्या डॉक्टरांनी नव्हे, तर शिकवून तयार केलेल्या साध्या आरोग्य सेविकांनी केली होती.

आणि चाचणीत दोष आढळला तर? कॅन्सरच्या आधीची अवस्था असेल तर तेवढाच भाग गोठवून, उष्णता देऊन किंवा काढून टाकून बरा करता येतो. बहुधा बाई त्याच दिवशी घरी जाते. पिशवी काढावी लागत नाही. जी भीती दाखवून आपल्या बहिणींचे ऑपरेशन झाले, त्या भीतीचे उत्तर शेजारच्या जिल्ह्यात कधीच मिळाले होते. ते आपल्या फडापर्यंत पोहोचले नाही, एवढेच.

आपल्यावरचे ऋण

बंधुभगिनींनो, त्या चौसष्ट जणींविषयी आपण क्षणभर थांबले पाहिजे. तपासणीने जीव वाचतो हे पाश्चात्त्य देशांत ठाऊक असताना एका गटाला तपासणीविना ठेवणे योग्य होते का, असा सवाल पुढे अनेकांनी केला. त्या भागात तशीही कोणतीच सरकारी तपासणी उपलब्ध नव्हती, हा संशोधकांचा युक्तिवाद होता. हा वाद आपण इथे सोडवू शकत नाही. पण ख्रिस्ती माणसाच्या दृष्टीने संख्येच्या मागे चेहरा असतो. त्या आपल्यासारख्याच ज्वारी खुरपणाऱ्या, लेकरे वाढवणाऱ्या बायका होत्या. त्यांच्या जिवाच्या मोलाने जगाला हे ज्ञान मिळाले. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती दिली, त्यामागे या गावांचाही वाटा आहे. ज्यांच्या मातीत हे ज्ञान पिकले, त्यांनाच ते मिळू नये? २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर महिलांमागे दोघींचीही ही तपासणी झालेली नव्हती. ऋण फेडण्याचा एकच मार्ग आहे: ते ज्ञान वापरणे.

लेकीसाठी

आता याईराच्या लेकीकडे वळू या. बारा वर्षांच्या मुलीसाठीही याच संशोधनाने वाट दाखवली. २००९ मध्ये बार्शी आणि पुण्यासह देशातील नऊ ठिकाणी १७ हजारांहून अधिक मुलींना एचपीव्हीची लस देण्याचा अभ्यास सुरू झाला. कोणाला दोन डोस, कोणाला तीन द्यायचे होते. दुसऱ्याच एका लस प्रकल्पावरून वाद उठला आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारने अशा सर्व अभ्यासांतील लसीकरण थांबवले. हजारो मुलींना एकच डोस मिळाला होता. काम अर्धवट राहिले असेच सर्वांना वाटले. पण संशोधकांनी त्या मुलींची साथ सोडली नाही. दहा वर्षांनी, २०२१ मध्ये, दिसून आले की दोन प्रमुख घातक प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एकाच डोसनेही सुमारे ९५ टक्के संरक्षण मिळते. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसचा पर्याय मान्य केला. बांधणाऱ्यांनी टाकून दिलेला दगड कोनशिला कसा होतो, हे आपल्याला वेगळे सांगायला हवे का?

त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या ‘सर्वावॅक’ या लसीला देशात मान्यता मिळाली. ही लस नऊ ते चौदा या वयात, म्हणजे मुलगी शाळेत जाते तेव्हाच, देणे सर्वात चांगले.

लाज कशाची?

काही आईबापांच्या मनात एक कुजबूज असते: हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, मग लस कशाला, चाचणी कशाला, लोक काय म्हणतील? हा विषाणू इतका सार्वत्रिक आहे की संसारी स्त्री-पुरुषांपैकी बहुतेकांना तो केव्हा ना केव्हा होऊन जातो. एकनिष्ठ पत्नीलाही होतो. चाचणीत तो सापडला म्हणून कोणाच्या चारित्र्यावर बोट ठेवणे हे अज्ञान आहे आणि पापही आहे. लसीमुळे मुलगी बिघडत नाही; तिला संस्कार आपण द्यायचे आहेत आणि संरक्षणही आपणच द्यायचे आहे.

त्या काळच्या नियमाने रक्तस्राव असलेली बाई अशुद्ध मानली जाई. प्रभू येशूने तिला दूर सारले नाही. सगळ्यांदेखत थांबून त्याने तिला शोधले, ती कापत कापत पुढे आली, तिने सारे खरे सांगितले, आणि त्याने तिला मुलगी म्हणून हाक मारली. ज्या बाईसाठी कोणी बाप आला नव्हता, तिला त्या दिवशी बाप मिळाला. मगच तो याईराच्या घरी गेला.

श्रद्धा असली की डॉक्टर कशाला, असे म्हणणाऱ्यांनी बेनसिराच्या ग्रंथाचा ३८वा अध्याय वाचावा. वैद्याचा मान राखा, औषधे देवानेच भूमीतून निर्माण केली आहेत, अशी शिकवण तिथे दिली आहे. प्रार्थना आणि तपासणी या एकमेकींच्या सवती नाहीत.

आपण काय करू या?

घरातील तीस वर्षांपुढच्या प्रत्येक बाईने दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघण्यापूर्वी ग्रामीण रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन गर्भाशयमुखाच्या तपासणीची चौकशी करावी. एचपीव्ही चाचणी कुठे होते आणि मुलींना लस कुठे मिळते, तेही तिथेच विचारावे. मध्येच किंवा संबंधानंतर रक्त जाणे, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे, दुर्गंधीयुक्त पांढरे जाणे, यांपैकी काही असेल तर चाचणीची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना दाखवावे. कोणी पिशवी काढायला सांगितले तर आधी विचारावे: कोणती तपासणी झाली? अहवाल कुठे आहे? आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.

पुरुषांना विशेष विनंती. याईर सभास्थानाचा अधिकारी होता, तरी लेकीसाठी तो स्वतः चालत गेला. बायकोला एकटीला पाठवू नका. एक दिवसाचा खाडा पडला तर पडू द्या. सोबत जा.

प्रार्थना करू या:

हे प्रभू येशू, गर्दीतला एक भित्रा स्पर्शही तू ओळखलास. आमच्या आया-बहिणींचे झाकलेले दुखणे तुला ठाऊक आहे. त्यांना बोलण्याचे धैर्य दे, आम्हांला ऐकण्याचे मन दे. डॉक्टरांना प्रामाणिक ठेव, संशोधकांच्या श्रमांना फळ दे. ज्यांच्या मरणातून हे ज्ञान आम्हांला मिळाले, त्या भगिनींना तुझ्याजवळ विसावा दे. आणि आमच्या लेकींना हाताला धरून उठव. आमेन.