फुलीच्या टाक्यामागचे हात

तत्रीज हा पॅलेस्टाईनमधील खेड्यांतल्या स्त्रियांनी जोपासलेला कशिदा. कापडाचे उभे-आडवे धागे मोजून घातलेला फुलीचा टाका हा त्याचा पाया. मखमलीसारख्या कापडाचे धागे मोजता येत नाहीत. तिथे वर विरळ विणीचे जाळीदार कापड टाचतात, त्याची घरे मोजून टाके घालतात आणि काम संपले की जाळीचा एकेक धागा ओढून काढतात. जाळी निघून जाते, नक्षी मखमलीवर उरते.

'थोब' या पायघोळ झग्यावर हे काम होई. त्यातही छातीवरचा चौकोन, म्हणजे 'कब्बे', सर्वांत दाट भरलेला असे. झगा विरला तरी कब्बे टाकून देत नसत. तो उसवून नव्या थोबवर लावत. रामल्लाकडे पांढऱ्या लिननवर लाल दोऱ्याचे काम होई. बेथलेहेमला रेशमाची आणि जरीची दोरी कापडावर वळणावळणाने ठेवून ती बारीक टाक्यांनी बांधून टाकत. सुरूचे झाड, चंद्र, 'पाशाचे तंबू' अशी नक्ष्यांची नावे होती. थोब पाहून बाई कोणत्या भागातली हे जाणकाराला सांगता येई.

या कशिद्यावरून सुचलेल्या आजच्या वस्त्रकलेकडे बहुधा 'परंपरेचे जतन' म्हणून पाहिले जाते. ही दृष्टी अपुरी आहे. तत्रीज कधीच एका जागी थांबलेला नव्हता. १९३०च्या सुमारास डीएमसी या फ्रेंच कंपनीचा सुती दोरा आणि नमुन्यांच्या पुस्तिका पॅलेस्टाईनच्या खेड्यांत पोचल्या. युरोपीय गुलाब आणि पक्षी थोबवर उतरले आणि तिथलेच होऊन गेले. तेव्हा नक्षी जुनी की नवी यापेक्षा ती कोणी, कोणासाठी आणि कोणत्या परिस्थितीत भरली, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे.

या प्रश्नाचे उत्तर १९४८ साली बदलले. इस्रायलच्या स्थापनेवेळच्या युद्धात सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी माणसे घरादाराला मुकली, शेकडो खेडी ओस पडली. गावच नाही तर गावाची नक्षी कोणाला ओळख पटवणार? निर्वासितांच्या छावण्यांत वेगवेगळ्या भागांतल्या स्त्रिया शेजारी राहू लागल्या आणि त्यांचे नमुने एकमेकांत मिसळले. पूर्वी मुलगी स्वतःच्या लग्नाचे कपडे भरत असे. आता तेच हात मजुरीसाठी दुसऱ्यांचे कापड भरू लागले. गाझात संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित साहाय्य संस्थेने १९५० पासून चालवलेले 'सुलाफा' केंद्र आणि १९६९ साली लेबनॉनमध्ये उभी राहिलेली 'इनाश' संस्था यांनी या कामातून कितीतरी घरांना आधार दिला. पण बाई आणि तिचा टाका यांचे नाते पूर्वीचे राहिले नाही, हेही तितकेच खरे.

पहिल्या इंतिफादाच्या, म्हणजे इस्रायली ताब्याविरुद्धच्या उठावाच्या काळात, १९८७ नंतर, ते नाते वेगळ्या रीतीने जुळले. ताब्यातील प्रदेशात पॅलेस्टिनी झेंडा दाखवायला बंदी होती. स्त्रियांनी झेंड्याचे रंग आणि देशाचा नकाशा थोबवर भरला. हातातला झेंडा हिसकावून घेता येतो, अंगावरच्या वस्त्राचे तसे नसते.

आजच्या कलाकृतींची पारख या इतिहासाला धरून व्हायला हवी. बैरुतमध्ये पॅलेस्टिनी आईवडिलांच्या पोटी जन्मलेल्या मोना हातूम यांनी इनाशच्या सहकार्याने २०१२-१३ मध्ये 'बारा खिडक्या' ही कलाकृती केली. वेगवेगळ्या प्रदेशांच्या कशिद्याचे बारा चौकोन लाकडी चिमट्यांनी पोलादी तारांना लटकवलेले आहेत. धुणे वाळत घालावे तसे. तारा दालनभर आडव्यातिडव्या गेल्यामुळे पाहणाऱ्याला वाट काढत फिरावे लागते. तुटलेल्या मुलखाचा अनुभव इथे शब्दांवाचून अंगाला भिडतो. त्या चौकोनांतले टाके निर्वासित स्त्रियांच्या हातचे आहेत, आणि ते विसरून ही कलाकृती पाहणे म्हणजे ती अर्धीच पाहणे.

२०१८ साली बीरझेतच्या पॅलेस्टिनी म्युझियममधील 'प्रेमाचे श्रम' या प्रदर्शनाने कशिद्याच्या सौंदर्याबरोबर त्यामागच्या कष्टांनाही जागा दिली. २०२१ मध्ये युनेस्कोने पॅलेस्टाईनमधील भरतकामाचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. हा मान योग्यच. मात्र वारसा म्हटले की तो सगळ्यांचा होतो, आणि दिवसचे दिवस मान खाली घालून टाके मोजणारी बाई मागे राहते.

न्यूयॉर्कचे पॅलेस्टिनी-अमेरिकी कलावंत जॉर्डन नासर यांची रीत म्हणून लक्षात घेण्याजोगी आहे. ते स्वतः टाका घालतात आणि वेस्ट बँकमधील कशिदाकार स्त्रियांबरोबरही काम करतात. स्त्रिया आपल्या पसंतीचे रंग घेऊन नक्षीचा भाग भरतात. कापड परत आले की नासर उरलेल्या जागेत डोंगर आणि आकाश भरतात. कोणते रंग समोर येतील हे त्यांच्या हाती नसते. त्या बायकांनी निवडलेल्या लाल-निळ्याला धरूनच त्यांना आपले डोंगर उभे करावे लागतात.