भरपाई की मदत?



सणाच्या दुसऱ्या दिवशी बाहेरगावचा एक तरुण ऑफिसात आला. आदल्या रात्री आमच्या स्वयंसेवकाने दाखवलेल्या जागीच त्याने स्कूटर लावली होती. आम्ही उभारलेल्या फलकाचा बांबू सुटून पडला आणि आरसा व इंडिकेटर फुटले. दुरुस्तीचा खर्च साडेसहाशे रुपये.

आम्ही विचारले, "पुरावा काय?" आणि वर सुनावले, "वाहने स्वतःच्या जबाबदारीवर ठेवावीत, अशी पाटी होती." फोन नंबर ठेवून तो मुकाट्याने निघून गेला. संध्याकाळी समितीत कुणीतरी सुचवले, "जाऊ द्या, गरिबांच्या फंडातून पाचशे देऊन टाकू." सर्वांना बरे वाटले, आम्हालाही. रात्री मात्र झोप लागेना.

ॲरिस्टॉटलने न्यायाचा एक प्रकार सांगितला आहे: एकामुळे दुसऱ्याचे जे उणे झाले, ते भरून काढून समतोल पूर्ववत करणे. संत थॉमस अक्विनासही परतफेड न्यायाच्या खात्यात मांडतात, दयेच्या नव्हे. हा केवळ शब्दांचा खेळ नाही. जे देणे लागतो ते मदत म्हणून दिले, तर घेणारा याचक ठरतो आणि देणारा उदार. नुकसान त्याचे, मोठेपणा आमचा! शिवाय आमच्या हलगर्जीपणाची किंमत गरिबांनी का मोजावी?

पण आम्ही मुद्दाम थोडेच केले होते? निर्गमच्या 21 व्या अध्यायात उघड्या खड्ड्याचा नियम आहे. न झाकलेल्या खड्ड्यात कुणाचा बैल वा गाढव पडून मेले, तर खड्ड्याच्या मालकाने भरपाई द्यावी. त्याचा हेतू तिथे विचारलेला नाही. बांबू नीट बांधणे आमचे काम होते. पाटी लावल्याने गाठ घट्ट होत नाही.

मग प्रत्येक तक्रार डोळे मिटून मान्य करावी का? नाही. जागा पाहावी, विचारपूस करावी, बिल घ्यावे. चौकशीत अपमान नसतो. ऐकण्याआधीच संशय घेण्यात असतो. आम्ही विचारले, तेव्हा बांबू बांधणाऱ्या मुलाने स्वतःहून सांगितले, "दोरी कमी पडली होती."

सणाच्या खर्चातून साडेसहाशे रुपये घेऊन आम्ही त्या तरुणाच्या घरी गेलो, माफी मागितली. तो म्हणाला, "फादर, पैशांचं एवढं नव्हतं. तुम्ही पाटी दाखवलीत, ते लागलं."

पुढच्या सणालाही पाटी राहील. मात्र तक्रार घेऊन आलेल्या पाहुण्याला आधी बसायला खुर्ची द्यायची आणि "काय झालं?" असे विचारायचे, एवढे आम्ही ठरवले आहे.