खोट्या नाण्याचा खरा भाव

नवरात्राचे दिवस. आमच्या भागात हा रताळ्यांचा हंगाम. पिरनवाडीच्या नाक्यावर, खानापूर रस्त्याच्या कडेला, एक अज्जी पोते अंथरून रताळी विकायला बसते. घरचे बोलणे कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी आणि हिशेब दोन्हींच्या मधला. गेल्या वर्षी शाळा सुटल्यावर मी तिच्याकडून पंचेचाळीस रुपयांची रताळी घेतली आणि पन्नासाची नोट दिली. तिने कमरेची पिशवी सोडून पाच रुपयांची चिल्लर माझ्या तळहातावर ठेवली. आम्ही मास्तर मंडळी मुलांना मोजून घ्यायला शिकवतो आणि स्वतः न मोजता खिशात टाकतो. मीही तेच केले.

रात्री सदरा खुंटीला लावताना नाणी बाहेर काढली, तर दोन रुपयांच्या एका नाण्यावर आकडाच नव्हता. एका बाजूला नेहमीची सिंहमुद्रा. उलटून पाहिले, तर तिथेही सिंहमुद्राच. पण आत खचलेली, आरशात दिसावी तशी उलटी. ‘भारत’ उलटे, ‘सत्यमेव जयते’ही उलटे! मुंबईच्या टांकसाळीची खूण हिऱ्याच्या आकाराची, हैदराबादची तारा, नोएडाची गोल ठिपका आणि कोलकात्याला खूणच नाही, एवढे मला ऐकून ठाऊक होते. पण ही खूण सालाच्या खाली असते आणि इथे सालाची बाजूच उमटलेली नव्हती.

माझा एक जुना विद्यार्थी उद्यमबागेत डाय बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये आहे. त्याने नाणे बोटांत फिरवले आणि म्हणाला, “सर, आधीचा पीस डायला चिकटून राहिला असणार. त्याच्याखाली नवा ब्लँक आला, आणि डायचा छाप उठायचा तिथं त्या पीसचाच छाप बसला. आमच्याकडं असला माल रिजेक्शनच्या डब्यात जातो.” नाणी जमवणारे लोक अशा नाण्याला ‘लाखी’ म्हणतात, लाखात एखादेच निघते म्हणून लाखी. बेळगावात जुनी नाणी घेणाऱ्या एका गृहस्थाने ते भिंगाखाली धरले, वजन केले आणि पाचशे रुपये देऊ केले. मी ‘विचार करून सांगतो’ म्हणून नाणे खिशात घालून परत आलो.

इथे एक खुलासा केलेला बरा. मोबाइलवरची चित्रफीत पाहून आपल्या डब्यातल्या जुन्या नाण्याला लाखो रुपये मिळतील, असे मानणारे पालक मला दरवर्षी भेटतात. ‘आधी नोंदणीची फी भरा, मग नाणे विकत घेतो’ असे सांगणारे ठग असतात. रिझर्व्ह बँकेच्या नावानेही असे उद्योग चालतात, म्हणून बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना सावध केले होते. बहुतेक डब्यांत साधी चिल्लरच असते. एकूण नाण्यांच्या बाबतीत आपली बुद्धी जरा विचित्रच चालते म्हणा. दहा रुपयांचे नाणे चांगले खणखणीत असून कित्येक दुकानदार ते घेत नसत. अखेर जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावे लागले, की या नाण्याचे १४ नमुने निघालेले आहेत आणि ते सगळेच चालतात.

असो. माझा प्रश्न लाखांचा नव्हता, पाचशेचा होता. आणि झोप उडायला पाचशेही पुरतात.

एम. ए. ला तत्त्वज्ञान होते म्हणून आठवले. रोमन विचारवंत सिसेरो याने इसवी सनापूर्वी ४४ मध्ये आपल्या मुलाला उद्देशून कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात तो एक पेच मांडतो. एखादा माणूस सोने विकतो आहे, पण त्याला ते पितळ वाटते आहे. अशा वेळी सज्जनाने त्याला ‘बाबा रे, हे सोने आहे’ असे सांगावे, की हजाराचा माल एका नाण्याला उचलावा? असल्या प्रश्नांवर स्टोइक पंथातल्या गुरुशिष्यांचेच जमत नव्हते. गुरू बॅबिलोनचा डायोजेनिस (भरदिवसा दिवा घेऊन फिरणारा तो वेगळा) जरा सैल हाताचा, तर शिष्य अँटिपेटर कडक. सिसेरोचा कल शिष्याकडे.

कायदा मात्र माझ्या बाजूचा होता. १८६० च्या दंडसंहितेत ४०३ व्या कलमाखाली एक उदाहरण दिलेले होते: रस्त्यावर पडलेला रुपया कुणाचा हे ठाऊक नसताना उचलला, तर गुन्हा होत नाही. माझे नाणे तर रस्त्यावर सापडलेलेही नव्हते, मालकिणीने आपल्या हाताने दिलेले होते. १८७२ चा कराराचा कायदाही सांगतो, की वस्तूच्या किमतीविषयी एखाद्याची समजूत चुकली, तर तेवढ्यामुळे व्यवहार रद्द ठरत नाही. शिवाय तिचे नुकसान तरी काय झाले? दोन रुपये म्हणून दिले, दोन रुपये म्हणून मी घेतले. वरचे चारशे अठ्ठ्याण्णव माझ्या डोळ्यांची कमाई. जुन्या काळी पोतदार नाण्यांच्या पारखीवरच पोट भरत होते ना?

भरत होते खरे. पण पोतदार आपला बट्टा समोरासमोर सांगून घेत असे. आणि दुसरी गोष्ट मला जास्त टोचली. समजा, अज्जीने चुकून दहाच्या जागी शंभराची नोट दिली असती, तर मी ती क्षणभरही विचार न करता परत केली असती. मग इथेच का अडलो? नोटेवरची चूक कुणालाही वाचता येते. या नाण्यावरची फक्त मला वाचता येत होती. म्हणजे जिथपर्यंत चारचौघांची नजर पोचते, तिथपर्यंतच माझा प्रामाणिकपणा होता की काय? वर्गात मूल्यशिक्षणाचा तास मीच घेतो.

चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी नाणे घेऊन नाक्यावर गेलो. ते पाहताच अज्जीचा चेहरा पडला.

“चुकलं की ओ, मास्तर. ते खोट्टी हाय. चहावाल्यानं घेतलं नाही, गिरणीवाल्यानं घेतलं नाही. तुम्ही बघून घेत नाही, म्हणून तुमच्या हातावर ठेवलं.” आणि मी तोंड उघडायच्या आत तिने दोन रुपयांचे चांगले नाणे काढून माझ्या हातात कोंबले.

सिसेरोच्या त्याच पानांत आणखी एक पेच आहे, तो मी पार विसरलो होतो. शहाण्या माणसाकडे नकळत खोटी नाणी आली, तर कळल्यानंतर ती त्याने खरी म्हणून पुढे खपवावीत का? डायोजेनिस म्हणतो, हरकत नाही. अँटिपेटर म्हणतो, नाही. मी चार रात्री स्वतःला सोने लपवणारा समजत होतो, आणि समोरची बाई त्याच नाण्यापायी स्वतःला खोटे नाणे खपवणारी समजत होती.

आता तर पंचाईतच झाली. तिने नाणे बदलून दिले, म्हणजे व्यवहार फिरला. लाखी नाणे तिचे झाले. मी तसे सांगितले, किंमतही सांगितली. तिला ती थट्टा वाटली. “आकडा नाही त्याला पाचशे?” नाणे परत घ्यायला ती काही केल्या तयार होईना. शेवटी शनिवारी मीच ते विकले आणि पाचशे रुपये तिच्या पुढ्यात ठेवले. (त्यातून बसचे भाडे तरी वळते करून घ्या, असे घरातून सुचवण्यात आले होते.) तिने बराच वेळ नोटांकडे पाहिले. मग तीनशे कमरेला लावले आणि दोनशे माझ्या पिशवीत, रताळ्यांवर टाकले. “ओळखलं कुणी? तुम्हीच न्हवं?” मी नको म्हटले, ती ऐकेना, बसची वाट पाहणारे लोक बघू लागले. मी ते दोनशे घेतले. घ्यायला हवे होते का, याचा निकाल अजून लागलेला नाही. अँटिपेटरने बहुधा घेतले नसते.

यंदाही अज्जी नाक्यावर बसली आहे. चिल्लर देताना आता ती एकेक नाणे दोन्ही बाजूंनी उलटून दाखवते, आणि मीही बघून घेतो.